पिंटो आडनावाचा माग

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबर महिन्यात काही कामानिमित्त आमचे हुबळीस जाणे झाले. तेथील रेल्वेच्या कारखान्यामुळे गोव्याकडील अनेक ख्रिस्ती कुटुंबे पूर्वी त्या शहरात येऊन स्थायिक झाली. त्यांपैकी एका घरी आम्ही दोन दिवस पाहुणे होतो. घराचे आडनाव पिंटो. याहून अधिक ओळख आम्ही देत नाही. कारण गोष्ट घरातली आहे, आणि ती त्या कुटुंबाने आम्हांस विश्वासाने सांगितली आहे.

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. देवळात द्यावयाच्या पाकिटासाठी घरातील मृतांची नावे कागदावर उतरवण्याचे काम नातीकडे होते. आजोबा सांगत होते, ती लिहीत होती. आजोबांचे वडील, आजोबांचे आजोबा, त्यांच्या बायका, लहानपणी गेलेली मुले अशी नावे येत गेली. मग ती थांबली व म्हणाली, “शापाय, तुमच्या आज्याच्या बापाचे नाव लिहिले. त्याच्या बापाचे काय?” (गोव्याकडील ख्रिस्ती घरांत आजोबांना शापाय म्हणतात.) म्हातारबाबांनी चष्मा काढला, तो पुसला, आणि म्हणाले, “ते नाव नको बाय. ते आमच्या यादीत कधीच नव्हते.”

रात्री जेवणानंतर त्यांनी आम्हांस कारण सांगितले. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या दोन गोष्टी चालत आल्या होत्या. पहिली मोठ्याने सांगावयाची: आपण कांदोळीच्या पिंटोंपैकी, ज्यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध बंड केले त्या सरदार घराण्यातले. दुसरी दार लावून सांगावयाची: आपला एक पूर्वज बांधाच्या भांडणात माणूस मारून आफ्रिकेच्या काळ्या पाण्यावर गेला आणि परत आला नाही. पहिल्या गोष्टीचा पुरावा कोणी पाहिला नव्हता. दुसरीचा पुरावा कोणी शोधला नव्हता. पहिलीच्या जोरावर मुलांना मान उंच करावयास शिकवले जाई, आणि दुसरीच्या भयाने एक नाव प्रार्थनेतूनही वगळले जाई.

नातीने विचारले, “यांतले खरे कोणते?” हा प्रश्न तिच्यापुरता राहिला नाही. आमच्या वाचकांपैकी किती घरांत अशा दोन गोष्टी असतील! म्हणून या आडनावाचा जो माग आम्ही तिच्यासह काढला, तो येथे देतो.

आडनाव आले कोठून?

प्रथम आडनावाचीच चौकशी करू. आजच्या पोर्तुगीज भाषेत ‘पिंटो’ म्हणजे कोंबडीचे पिल्लू. आपल्यातील इतर आडनावांचे अर्थही असेच साधे आहेत. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष, लोबो म्हणजे लांडगा, कुएल्हो म्हणजे ससा, कोर्देरो म्हणजे कोकरू. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा आणि रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा मुलगा. ही नावे पोर्तुगालात शेकडो वर्षे चालत होती. तेथून ती जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आली.

संत फ्रान्सिस झेवियरच्या काळी फेर्नांव मेंदिश पिंटो नावाचा एक प्रवासी पूर्वेकडील समुद्रांतून हिंडत होता. त्याचा संताशी परिचय होता. १५५४ साली तो गोव्यात होता, आणि पुढे त्याच्या प्रवासाचा प्रचंड ग्रंथ १६१४ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. तो पिंटो. अठराव्या शतकात आम्स्टरडॅम शहरात इझाक द पिंटो नावाचा विद्वान व्यापारी होऊन गेला. तोही पिंटो, पण धर्माने यहुदी. यांपैकी कोणाचेही रक्त बारदेशच्या पिंटोंत असण्याचे कारण नाही. मग आडनाव एक कसे?

याचे उत्तर स्नानसंस्काराच्या वेळी उभ्या राहणाऱ्या धर्मबापात आहे. सोळाव्या शतकात गोव्यात आणि वसई प्रांतात जेव्हा गावेच्या गावे ख्रिस्ती झाली, तेव्हा नवख्रिस्ती माणसाला नवे नाव संताचे मिळे आणि आडनाव बहुधा धर्मबापाचे किंवा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचे मिळे. धर्मबाप पोर्तुगीज सरदार असला तर त्याचे आडनाव एकाच दिवशी अनेक घरांना लागे. उलट, दोन सख्ख्या भावांचे संस्कार वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या धर्मबापांच्या हाताखाली झाले, तर एक भाऊ पिंटो होई व दुसरा डिसोझा. म्हणजे एका आडनावाची दोन घरे परकी असू शकतात, आणि दोन आडनावांची घरे सख्खी असू शकतात. १५३४ ते १७३९ या दोन शतकांत पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या वसईच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. त्यांच्या शेजारच्या वाडीतील लोपीस आणि त्यांच्या घरचे लोपीस एक नाहीत, हे त्यांस चांगले ठाऊक असते.

म्हणून आम्ही त्या मुलीस पहिली गोष्ट सांगितली ती अशी: बाळ, आडनाव हे दार आहे. दारावरून घर कोणाचे ते कळत नाही. आत जावे लागते.

कांदोळीचे पिंटो

आता त्या मोठ्याने सांगावयाच्या गोष्टीकडे वळू. तिचा ऐतिहासिक भाग खरा आहे आणि तो प्रत्येक ख्रिस्ती घराला ठाऊक असावा असा आहे.

बारदेशातील कांदोळी गावी पिंटोंचे एक संपन्न घराणे होते. १७७० साली पोर्तुगालच्या राजाने त्यांस सरदारकी व कुलचिन्ह दिले होते. या घरी अठराव्या शतकाच्या शेवटी काही गोमंतकीय धर्मगुरू, लष्करी अंमलदार आणि गावकरी गुप्तपणे जमू लागले. त्यांचे गाऱ्हाणे काय होते? १७६१ साली पोर्तुगालच्या राजाने हुकूम काढला होता की, पूर्वेकडील ख्रिस्ती प्रजा व पोर्तुगालातील प्रजा यांत भेद करू नये. परंतु हुकूम कागदावर राहिला. विद्वान असूनही गोमंतकीय धर्मगुरूंना वरच्या जागा मिळत नसत. लष्करातही तीच स्थिती. पणजीचे फादर कायेतान फ्रान्सिस्को कुतो आणि दिवाडीचे फादर जुझे आंतोनियो गोन्साल्व्हिस हे दोघे आपले गाऱ्हाणे घेऊन लिस्बन व रोमपर्यंत गेले, आणि निराश झाले. या मंडळींनी सत्ता उलथून टाकण्याचा बेत केला. ऑगस्ट १७८७ मध्ये बेत फुटला आणि धरपकड सुरू झाली.

एकंदर ४७ जणांस पकडण्यात आले. त्यांत १७ धर्मगुरू होते. त्यानंतरची शिक्षा वाचताना आजही अंगावर काटा येतो. १३ डिसेंबर १७८८ रोजी पणजीत पंधरा जणांना देहान्त देण्यात आला. धर्मगुरूंपैकी चौदा जणांना जहाजावर घालून लिस्बनला नेण्यात आले. तेथे समुद्राच्या मुखावर असलेल्या सांव जुलियांव किल्ल्यात ते चौकशीवाचून कित्येक वर्षे खितपत पडले. काहींनी तेथेच देह ठेवला. फादर गोन्साल्व्हिस निसटले व इंग्रजी मुलखात गेले. पुन्हा गोवा त्यांना दिसला नाही. त्याच कांदोळीत जन्मलेले आबे फारिया त्या वेळी पोर्तुगालात होते. ते फ्रान्सला निघून गेले व पुढे संमोहनविद्येचे अभ्यासक म्हणून पॅरिसमध्ये प्रसिद्धीस आले. १८१९ साली ते तेथेच वारले. त्यांचा पुतळा पणजीत उभा आहे.

वाचकांच्या लक्षात येईल की, ज्या गोष्टीचा त्या हुबळीच्या घरात अभिमान होता, ती गोष्टही बंदिवानांचीच आहे. राजदरबारी ते चौदा धर्मगुरू गुन्हेगारच होते. त्यांनाही साखळदंड घालून समुद्रापार नेले होते. काळ बदलला, सत्ता गेली, आणि गुन्हेगार हुतात्मे ठरले.

समुद्रापार पाठविणे

सत्तेला नकोशा झालेल्या माणसास समुद्रापार टाकण्याची ही रीत पोर्तुगिजांची जुनीच होती. लिस्बनचे गुन्हेगार आंगोला, ब्राझील किंवा गोव्यास पाठवावयाचे, आणि गोव्याचे गुन्हेगार मोझांबिक किंवा तिमोरास. त्यांत चोर असत, खुनी असत आणि राजाच्या विरुद्ध बोललेली माणसेही असत. विसाव्या शतकापर्यंत हा परिपाठ सुटला नाही. सासष्टीतील चांदर गावच्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांस १९४६ साली गोव्याच्या स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालातील पेनिश किल्ल्यात धाडण्यात आले.

इंग्रजांनीही तेच केले. त्यांच्या राज्यातील बंदिवान प्रथम बेंकुलेन व पिनांग येथे, मग मॉरिशस, सिंगापूर व ब्रह्मदेश येथे आणि १८५८ पासून अंदमानास जात. १८१५ ते १८३७ या काळात मुंबई व बंगाल इलाख्यांतील सुमारे दीड हजार बंदिवान मॉरिशसला गेले. तेथील रस्ते त्यांच्या हातांनी बांधले गेले. शास्त्रज्ञ डार्विन १८३६ साली पोर्ट लुईत उतरला असता त्याने त्यांस पाहिले आणि त्यांच्या भारदस्त मुद्रेची आपल्या रोजनिशीत नोंद केली. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज हे भव्य प्रॉटेस्टंट देवालय हिंदी बंदिवानांच्याच श्रमाने उभे राहिले आहे.

येथे आडनावाच्या शोधास मोठी अडचण येते. बंदिवानाच्या नोंदीत त्याचे नाव, बापाचे नाव, जात, वय, शरीरावरील खुणा आणि क्रमांक असे. घराचे आडनाव बहुधा नसे. बंदिवानांच्या मागोमाग १८३४ पासून मॉरिशसला जे गिरमिटिया मजूर गेले, त्यांत आपल्या रत्नागिरीकडचीही पुष्कळ माणसे होती. त्यांचीही तीच गत झाली. कारकुनाने जसे ऐकले तसे एकच नाव लिहिले, आणि बापाचे पाळण्यातले नाव हेच नातवंडांचे आडनाव होऊन बसले. आज तेथील मराठी वंशाची माणसे मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या नोंदींवरून आपले मूळ गाव शोधीत असतात. त्या मानाने आपण ख्रिस्ती लोक भाग्यवान. आपल्याकडे देवळातील नोंदवह्या आहेत. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाह व स्नानसंस्कार यांची वही ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. तेव्हापासून राजाने विसरलेला माणूसही देवळाच्या वहीत कोठेतरी सापडतो.

धारवाडात शिकलेला एक पिंटो

माग काढता काढता आम्हांस धारवाडातच दुसरा एक पिंटो भेटला. त्याची कथा येथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कारण आडनाव, परदेशगमन आणि बंदिवास या तिन्ही गोष्टी त्याच्या एका आयुष्यात एकत्र आल्या आहेत.

पियो गामा पिंटो यांचा जन्म ३१ मार्च १९२७ रोजी आफ्रिकेतील नैरोबी येथे झाला. वडील गोमंतकीय, केनियाच्या सरकारी नोकरीत. त्या काळी पूर्व आफ्रिकेतील गोवेकर मुलांना शिकावयास मायदेशी पाठवीत. तसा हा मुलगा आठव्या वर्षी हिंदुस्थानात आला. गोव्यात हडफडे येथील शाळेत शिकला आणि पुढे धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात विज्ञानाच्या वर्गात दाखल झाला. हे कॉलेज १९१७ साली स्थापन झालेले. त्या वेळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. तेथून तो विमानदलात, मग मुंबईच्या तार-टपाल खात्यात गेला आणि गोव्याच्या मुक्तीच्या चळवळीत पडला. पोर्तुगीज पोलीस आपणांस पकडून आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या बेटावरील ताराफाल या कुप्रसिद्ध छावणीत धाडणार, अशी चाहूल लागताच तो १९४९ साली केनियास परत गेला.

पोर्तुगिजांचे काळे पाणी चुकले, पण इंग्रजांचे चुकले नाही. केनियातील आफ्रिकी जनतेच्या लढ्यास त्याने मदत केली. खटल्यांत सापडलेल्यांसाठी वकील मिळवून दिले. जानेवारी १९५४ मध्ये त्याचा विवाह झाला आणि पाचच महिन्यांनी त्याला पकडून मांडा नावाच्या बेटावर डांबण्यात आले. १९५९ पर्यंत तो स्थानबद्ध होता. पुढे केनिया स्वतंत्र झाला आणि १९६४ साली पियो गामा पिंटो तेथील संसदेत निवडून गेला. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, गाडीत धाकटी मुलगी बसलेली असताना, घराच्या फाटकाशी त्यास गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे वय अडतीस वर्षेही पुरे नव्हते. २००८ साली केनियाने त्याच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

हुबळीच्या त्या आजोबांना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “तो आमच्यापैकी काय?” आम्ही म्हणालो, “आडनावावरून नाही सांगता येत. पण धारवाडच्या रस्त्यांवरून तो चालला आहे, एवढे खरे.” म्हातारबाबा हसले. हसण्यात थोडी निराशा होती, हे आम्हांस दिसले.

नोंदवहीतला शब्द

आता घरच्या शोधाकडे वळू. आम्ही नातीस एकच नियम घालून दिला: वरून खाली यावयाचे नाही, खालून वर जावयाचे. प्रसिद्ध पूर्वजापासून सुरुवात केली की माणूस आपल्या सोयीची शिडी बांधतो. स्वतःपासून सुरुवात केली की प्रत्येक पायरीस कागद लागतो.

पहिली पायरी हुबळीतच होती. घरातील पेटीत रोझरीच्या माळेखाली जुनी पत्रे, कारखान्यातील नोकरीचा एक दाखला आणि एक लग्नाचा दाखला निघाला. आजोबांचे आजोबा हुबळीस कसे आले, ते त्यावरून समजले. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा घाटाचा लोहमार्ग १८८८ च्या सुमारास पुरा झाला आणि तो दक्षिण महाराष्ट्र रेल्वेस मिळाला. त्याच काळात हुबळीत रेल्वेचा मोठा कारखाना उभा राहिला. बारदेशातील तरुण एरवी मुंबईच्या धोबीतलावावरील आपल्या गावच्या कुडात उतरून बोटीवर किंवा आफ्रिकेत नोकरी शोधीत. त्यांस आता एका दिवसाच्या अंतरावर पगार दिसू लागला. लोंढा, अळणावर, धारवाड, हुबळी अशा मार्गाने किती गोवेकर कुटुंबे आली असतील! हा तरुणही त्यांतलाच, फिटरचे काम शिकलेला.

येथे एक व्यवहाराची सूचना करून ठेवतो. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. त्यामुळे हुबळी-धारवाडकडील कुटुंबांना त्यापूर्वीच्या कागदांसाठी पुणे व गोवा येथेही विचारणा करावी लागते. पत्रात पूर्ण नाव, आईचे नाव आणि अंदाजे वर्ष द्यावे. “आमचे मूळ शोधून द्या” असे पत्र लिहिले तर कोणत्याही फादरना उत्तर देणे शक्य नसते.

लग्नाच्या दाखल्यावर बारदेशातील एका गावाचे नाव होते. ते कांदोळी नव्हते. आजोबांनी तो कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता नातीच्या हाती परत दिला. एका ओळीने चार पिढ्यांचा अभिमान मोडला होता.

पुढल्या उन्हाळ्यात आम्ही, ती मुलगी व तिचे वडील त्या गावी गेलो. जुन्या वह्यांचा कागद किड्यांनी खाल्लेला, शाई तपकिरी झालेली, भाषा पोर्तुगीज आणि अर्धे शब्द तोडून लिहिलेले. परंतु त्या काळच्या नोंदी फार काळजीने केलेल्या असत. बाळाचे नाव, आईबाप, दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा, वाडा आणि धर्मबाप-धर्ममाता, सारे काही. एका पानावर तीन पिढ्या मिळतात. गावकरीचे हक्क असलेल्या घरांच्या बाबतीत वांगडाचा, म्हणजे मूळ कुळाचा, उल्लेखही गावच्या कागदांत सापडतो. वांगड आडनावापेक्षा जुना असतो, म्हणून खऱ्या नात्याचा पत्ता त्यावरून अधिक लागतो.

फिटर तरुणाच्या बापाची स्नानसंस्काराची नोंद सापडली. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेला. आईचे नाव होते. बापाचे नाव होते, जे नाव हुबळीच्या यादीत कधी लिहिले गेले नव्हते. आणि त्या नावापुढे एकच पोर्तुगीज शब्द होता: ‘आउझेंत’. म्हणजे अनुपस्थित.

आम्हांस वही दाखविणाऱ्या वृद्ध धर्मगुरूंनी समजावून सांगितले की, हा शब्द खलाशाच्या नावापुढे येतो, आफ्रिकेस नोकरीस गेलेल्याच्या नावापुढे येतो आणि शिक्षा होऊन गेलेल्याच्या नावापुढेही येतो. वहीला एवढेच ठाऊक आहे की, बाळाच्या संस्काराच्या दिवशी बाप गावात नव्हता. का नव्हता, हे वही विचारीत नाही. घरची गोष्ट सांगते की तो बंदिवान होता; आणि घराने लाजेने जपलेली गोष्ट शक्यतो खोटी नसते, कारण लाज कोणी हौसेने निर्माण करीत नाही.

मग त्या मुलीनेच पुढची पाने उलटली. तिला त्या बाईचे, मागे राहिलेल्या पत्नीचे नाव हवे होते. ते पुन्हा पुन्हा सापडले. ती गावातील मुलांची धर्ममाता म्हणून उभी राहिलेली होती, एकदा नव्हे, अनेकदा. पहिल्या नोंदींत ‘अमक्याची पत्नी, तो अनुपस्थित’ असे लिहिलेले, आणि काही वर्षांनंतरच्या नोंदीत ‘अमक्याची विधवा’.

आम्ही सर्व त्या शब्दापाशी थांबलो. ती विधवा झाली, हे गावास कळले होते. म्हणजे समुद्रापलीकडून कोणीतरी बातमी आणली होती. ती बातमी घरी आली, घरून देवळात गेली, आणि धर्मगुरूंनी ती खरी मानून वहीत शब्द बदलला. ज्याला घराने पुढे दीडशे वर्षे पुसून टाकले, त्याला त्याच्या स्वतःच्या गावाने पुसले नव्हते. आणि गावाने त्याच्या बायकोला वाळीतही टाकले नव्हते. आपली तान्ही मुले त्यांनी संस्कारासाठी तिच्याच हाती दिली होती. लाज त्या गावात जन्मली नव्हती. ती नंतर, कदाचित हुबळीच्या नव्या शेजाऱ्यांमध्ये, कोणीतरी मनात धरली होती.

यादी

मत्तयलिखित शुभवर्तमान वंशावळीने सुरू होते. ते पान वाचताना आपण बहुधा घाई करतो. पण त्यात तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, उरीयाची बायको आहे. लिहिणाऱ्यास ती नावे गाळता आली असती, आणि वंशावळ अधिक शोभिवंत झाली असती. त्याने ती गाळली नाहीत. प्रभूच्या वंशावळीत जे चालते, ते आपल्या घरच्या यादीत का चालू नये?

आडनावाचा शोध घेणाऱ्या वाचकांना आमचे सांगणे असे की, शोध अवश्य घ्यावा; पण मोठेपणाची सनद मिळेल म्हणून घेऊ नये. आडनाव बहुधा कोणा परक्या धर्मबापाने दिलेले असते. आपले म्हणण्यासारखे जे काही आहे ते गाव, वाडा, वांगड आणि वहीतली माणसे यांत आहे. त्यांत कोणी बंडखोर निघेल, कोणी फिटर निघेल, कोणी बंदिवान निघेल. घरातील सर्वांत वयस्क माणसापाशी आजच बसावे, त्यांचे बोलणे लिहून घ्यावे, आणि जी गोष्ट ते दार लावून सांगतात ती विशेष आदराने ऐकावी. दाखले मिळतील, वह्या टिकतील. पण त्या आवाजाची नक्कल दुसऱ्या कोठे ठेवलेली नाही.

गेल्या नोव्हेंबरात हुबळीहून त्या मुलीचे पत्र आले. तिने मृतांची यादी नव्याने करावयास घेतली होती. लिहिता लिहिता ती पूर्वीच्याच जागी थांबली आणि शापायकडे पाहू लागली. आजोबांनी हात पुढे केला, तिच्या हातून पेन घेतले आणि कापऱ्या अक्षरांत ते नाव स्वतः लिहिले. मग त्याच्या शेजारी, थोडा विचार करून, त्याच्या बायकोचे नाव लिहिले. ती दोघे यादीत आता एका ओळीत आहेत.